पायथॉनमध्ये तक्ता सेव्ह कसा करायचा आणि जसा होता तसाच परत लोड कसा करायचा

टू_सीएसव्ही लिहिलं, एरर आली नाही, फोल्डरमध्ये फाइल दिसतेय, म्हणजे डेटा सेव्ह झाला असं आपण धरून चालतो. पण दुसऱ्या दिवशी तीच फाइल लोड केली की पुण्याचा एसटीडी कोड ०२० होता तो २० झालेला असतो, तारखांची टेक्स्ट झालेली असते, बिननावाचा एक कॉलम डावीकडे कुठून तरी उगवलेला असतो आणि काही सेल तर चक्क गायब असतात. फाइल सेव्ह होणं आणि डेटा सेव्ह होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा सगळा लेख त्या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे.

उदाहरण म्हणून आपण जमिनीच्या नोंदींचा एक तक्ता घेऊ, कारण मराठीत काम करणाऱ्याला ज्या ज्या अडचणी येऊ शकतात त्या जवळपास सगळ्या या एकाच तक्त्यात सापडतात. कॉलम असे: गाव, तालुका, गट नंबर, क्षेत्र, जमिनीचा प्रकार, रक्कम, तारीख, एसटीडी कोड, फोन. पायथॉन आणि पांडाज येतं असं धरतेय, निदान एखादी फाइल लोड करून हेड बघण्याइतपत. लायब्ररी तीन लागतील, पांडाज, पायॅरो आणि ओपनपायएक्सेल, तिन्ही पिपने इन्स्टॉल होतात. फंक्शनची नावं मी देवनागरीत लिहितेय, टाइप करताना ती इंग्रजी स्मॉल अक्षरांत करायची आणि अंडरस्कोअर जिथे दाखवलाय तिथेच द्यायचा.

आधी फोल्डर नीट लावा

प्रोजेक्टच्या आत दोन फोल्डर करा, एक कच्च्या फाइल्सचं आणि एक तयार फाइल्सचं. कच्च्या फोल्डरमध्ये जी फाइल जशी आली तशी ठेवायची, तिच्यावर कधीच सेव्ह करायचं नाही, जमलं तर रीड-ओन्ली करून टाका. तुमचा कोड कच्च्यातून वाचणार आणि तयारमध्ये लिहिणार, उलटं कधीच नाही. पुढे काही बिघडलं तरी मूळ फाइल शाबूत असेल तर सगळं परत चालवता येतं, आणि मूळ फाइलवरच लिहिलं असेल तर काहीच करता येत नाही.

पाथ लिहिताना विंडोजवाल्यांनी एक लक्षात ठेवा, बॅकस्लॅशनंतर एन आला की पायथॉन त्याला नवीन ओळ समजतो आणि टी आला की टॅब, त्यामुळे न्यू किंवा टेस्ट नावाचं फोल्डर असलं की फाइल सापडत नाही अशी एरर येते आणि माणूस तासभर स्पेलिंग तपासत बसतो. पाथलिब वापरा, पाथ(__फाइल__).पॅरेंट वरून सुरुवात करून पुढची नावं साध्या तिरप्या रेघेने जोडा, मग तोच कोड लिनक्सवर, मॅकवर आणि ऑफिसच्या विंडोजवर चालतो. नोटबुकमध्ये मात्र __फाइल__ नसतं, तिथे पाथ.सीडब्ल्यूडी घ्या.

फाइल कुठल्या एनकोडिंगमध्ये आहे ते बघा

एनकोडिंग म्हणजे अक्षरं फाइलमध्ये बाइट म्हणून लिहायची पद्धत. देवनागरी अक्षरांना युनिकोडमध्ये ०९०० ते ०९७एफ हा पट्टा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये त्यातलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. विंडोजवर पायथॉनचं साधं ओपन फंक्शन एनकोडिंग न सांगता वापरलं की बऱ्याच मशीनवर ते सीपी-१२५२ धरतं, ज्यात देवनागरी नाहीच. लिहायला गेलात तर युनिकोडएनकोडएरर येते, ती बरी, निदान कळतं तरी. वाचायला गेलात तर कधी एरर येते आणि कधी एका अक्षराच्या जागी तीन तीन विचित्र लॅटिन अक्षरं दिसतात, अ वर मात्रा दिल्यासारखी. असं दिसलं की घाबरू नका, डेटा गेलेला नाही, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला गेलाय, एनकोडिंग = यूटीएफ-८ देऊन परत लोड करा. पण ती विचित्र अक्षरं तशीच परत सेव्ह मात्र करू नका, तसं दोनतीनदा झालं की सोडवणं फार कठीण होतं.

म्हणून सवयच लावून घ्या: ओपन लिहिलं की एनकोडिंग लिहायचंच, वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे. पांडाज स्वतःहून यूटीएफ-८ धरतं तरी मी तिथेही लिहिते, वाचणाऱ्याला कळतं.

दुसरा प्रकार जास्त अवघड. फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो, पण वर्डमध्ये ठरावीक फॉन्ट लावला की सुंदर मराठी दिसतं. ही श्रीलिपी किंवा कृतिदेव सारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल आहे, तिच्यात देवनागरीचे कोड नाहीतच, इंग्रजी अक्षरांचे कोड आहेत आणि फॉन्टने त्यांना मराठी रूप दिलंय. इथे एनकोडिंग बदलून काहीही होणार नाही, कितीही पर्याय लावून बघा. त्या ठरावीक फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरून आधी रूपांतर करायचं, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासायची, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते, कन्व्हर्टरची गडबड तिथेच होते.

पहिल्यांदा सगळं टेक्स्ट म्हणूनच लोड करा

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. सीएसव्ही फाइलमध्ये प्रकार नावाची गोष्टच नसते, हा आकडा आहे, ही तारीख आहे, हे नाव आहे असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं, आहेत ती फक्त अक्षरं आणि मधले स्वल्पविराम. रीड_सीएसव्ही बघतं आणि अंदाज बांधतं, आणि त्याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर असतो म्हणूनच चुकतो तेव्हा लक्षात येत नाही.

आपल्याच तक्त्यात काय काय होतं बघा. एसटीडी कोडमध्ये पुण्याचा ०२०, कऱ्हाडचा ०२१६४, पांडाजला वाटतं हे आकडे आहेत, पुढचं शून्य गेलं. फोनच्या कॉलममध्ये एखादा सेल रिकामा असला की सगळा कॉलम दशांशाचा होतो आणि परत सेव्ह केल्यावर प्रत्येक नंबरच्या शेवटी पॉइंट शून्य चिकटतं. क्षेत्राचं तर अजून वाईट. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात, ०.४०.५० म्हणजे ४० आर ५० चौरस मीटर. सगळ्या कॉलममध्ये नुसतं ०.४० असंच लिहिलेलं असलं तर पांडाज ते ०.४ करतं, आणि मग पुढे कोणी टिंबावर तोडून हेक्टर आणि आर वेगळे काढले की ४० आरचे ४ आर होतात. आकडा दिसायला ठीक, एरर नाही, आणि शेताचा नऊ दशांश भाग गायब.

आता जमिनीचा प्रकार. या कॉलममध्ये जिरायत, बागायत आणि बिगरशेतीसाठी इंग्रजी कॅपिटलमध्ये एनए असं टाइप केलेलं असतं, आपल्याकडे सगळेच एनए प्लॉट म्हणतात. पण पांडाजच्या लेखी ती दोन इंग्रजी अक्षरं म्हणजे माहिती उपलब्ध नाही! ते सेल तो रिकामे धरतो. तुम्ही बिगरशेती जमिनी मोजायला गेलात तर उत्तर शून्य येतं. आणि हे डीटाइप = एसटीआर, म्हणजे सगळं टेक्स्ट धर, असं सांगितलं तरी होतं, त्याने थांबत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

म्हणून रीड_सीएसव्ही ला फाइलच्या पाथबरोबर या चार गोष्टी द्या:

एनकोडिंग = 'यूटीएफ-८'
डीटाइप = एसटीआर
कीप_डिफॉल्ट_एनए = फॉल्स
एनए_व्हॅल्यूज = एकच रिकामी स्ट्रिंग असलेली यादी

आता पुढची शून्यं राहिली, एनए राहिलं, आणि खरोखर रिकामा सेल तेवढा रिकामा धरला गेला. लगेच शेप बघा आणि ओळी मूळ फाइलइतक्याच आहेत का ते ताडा. मध्येच पार्सरएरर आली, अमुक ओळीत ९ ऐवजी १० फील्ड सापडली असं काही, तर त्या ओळीत पत्त्यात किंवा नावात स्वल्पविराम आहे आणि त्याला अवतरण चिन्हं नाहीत. ऑन_बॅड_लाइन्स = स्किप देऊन पुढे जायचा मोह होतो, जाऊ नका, ती ओळ कोणाची तरी जमीन आहे. नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये कॉपी उघडून ती ओळ दुरुस्त करा.

एक्सेलची फाइल असेल तर रीड_एक्सेल लाही हेच डीटाइप आणि एनएवाले पर्याय देता येतात. पण एक्सेलने आधीच जे बिघडवलंय ते त्याने परत येत नाही. गट नंबर ५/२ टाइप केला की एक्सेल त्याची तारीख करतं, आणि सेलच्या आत खरंच तारीख साठवली जाते, ५/२ कुठेच उरत नाही. ही फक्त आपलीच अडचण नाही, जनुकांच्या नावांची एक्सेलमध्ये अशीच तारीख व्हायची, सेप्ट-१ चं १ सप्टेंबर, शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने ती नावंच बदलली, सेप्ट-१ आता सेप्टिन-१ आहे. तुमच्या फाइलमध्ये गट नंबरच्या जागी तारखा दिसल्या तर अंदाजाने उलट फिरवू नका, ५/२ होता का २/५ हे आता फाइलवरून सांगता येत नाही, मूळ उताऱ्यावरून बघावं लागतं.

नावं एकसारखी करा, विशेषतः ऱ

दोन फाइल्स गावाच्या किंवा तालुक्याच्या नावावर जोडायच्या असतील तर ही पायरी टाळता येत नाही. कऱ्हाड हे नाव घ्या. त्यातला ऱ्ह संगणकात तीन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवलेला असू शकतो. एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह, कोड ०९३१, मग हलन्त, मग ह. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, मग हलन्त, मग ह. तीन, साधा र, हलन्त, आणि झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य चिन्ह, कोड २००डी, मग ह. तिन्ही स्क्रीनवर डिट्टो सारखे दिसतात. पण पायथॉनला लेन विचारलं तर पहिल्याची लांबी ६ आणि बाकी दोघांची ७, आणि बरोबर-बरोबर लावून बघितलं तर तिघेही एकमेकांपेक्षा वेगळे. म्हणजे मर्ज केलं की कऱ्हाड तालुक्यातल्या अर्ध्या ओळी जुळतच नाहीत आणि बघणाऱ्याला कारण दिसत नाही, कारण दिसण्यासारखं काही नसतंच.

दुसरा प्रकार सुटायला सोपा, त्या कॉलमवर एसटीआर.नॉर्मलाइझ चालवा, आत 'एनएफसी' द्या, र आणि नुक्ता एकत्र होऊन ऱ बनतो. तिसरा प्रकार एनएफसीने सुटत नाही, तिथे एसटीआर.रिप्लेस ने र-हलन्त-झेडडब्ल्यूजे हा क्रम शोधून त्या जागी ऱ-हलन्त टाकायचं. इंटरनेटवर सल्ला मिळतो की अदृश्य चिन्हं सरसकट काढून टाका, मराठीसाठी तो सल्ला चुकीचा आहे, झेडडब्ल्यूजे नुसतं काढलं की ऱ्ह चा रफार होतो आणि कर्हाड असं भलतंच नाव तयार होतं. आधी बदला, मग उरलेली काढा.

त्यानंतर एसटीआर.स्ट्रिप, पुढेमागे राहिलेल्या स्पेस जातात. आणि कऱ्हाड लिहायचं का कराड, हे कुठलंही फंक्शन ठरवणार नाही, त्यासाठी एक छोटी डिक्शनरी तुम्हालाच करावी लागते, डावीकडे सापडलेलं नाव, उजवीकडे तुम्ही ठरवलेलं. ही डिक्शनरीसुद्धा फाइलमध्ये ठेवा, कोडमध्ये पुरून ठेवू नका, दुसऱ्या माणसाला ती बघता आली पाहिजे. मर्ज करताना इंडिकेटर = ट्रू द्या, कुठली ओळ दोन्हीकडे सापडली आणि कुठली एकीकडेच हे एका वेगळ्या कॉलममध्ये मिळतं.

मग एकेक कॉलमचा प्रकार स्वतः ठरवा

तारीख: पीडी.टू_डेटटाइम मध्ये फॉरमॅट स्पष्ट द्या, आपल्याकडे दिवस-महिना-वर्ष, म्हणजे टक्का-डी, तिरपी रेघ, टक्का-एम, तिरपी रेघ, टक्का आणि कॅपिटल वाय. फॉरमॅट दिला नाही तर ०५/०६/२०२४ ला पांडाज ६ मे समजतं, अमेरिकन पद्धतीने, आपण मात्र ५ जून लिहिलेलं असतं. एरर्स = कोअर्स देऊ नका, न समजलेली तारीख गुपचूप रिकामी होते, एरर येऊ द्या, कुठली ओळ चुकलीय ते कळू द्या.

रक्कम: १,२५,००० असं लिहिलेलं असतं, स्वल्पविराम रिप्लेसने काढा आणि पीडी.टू_न्यूमेरिक लावा. काही फाइल्समध्ये आकडे देवनागरीत असतात, त्याचं टेन्शन घेऊ नका, पायथॉनच्या इंट ला देवनागरी अंक समजतात, इंट ला १२५००० देवनागरीत दिलं तरी बरोबर संख्या मिळते. पांडाज लोड करताना मात्र त्यांना टेक्स्टच समजतं, म्हणून रिकामे सेल वगळून बाकीच्यांवर मॅप करून इंट चालवायचं. पैसे पूर्णांकात ठेवा, पैशापर्यंत हिशोब हवा असेल तर सगळं पैशात करून ठेवा. कॉलममध्ये रिकामे सेल असतील तर प्रकार इंट६४ द्या, कॅपिटल आयवाला, तो रिकाम्या जागा चालवून घेतो आणि दशांश चिकटवत नाही.

क्षेत्र: टिंबावर तोडा, तीन भाग येतात, हेक्टरला १०,००० ने गुणा, आरला १०० ने, चौरस मीटर तसेच, सगळ्यांची बेरीज. ०.४०.५० चे ४,०५० चौरस मीटर. एकच पूर्णांक, गोंधळ संपला. ज्या सेलमध्ये तीन भाग नाहीत ते बाजूला काढून हाताने बघा, तिथे अंदाज करायचा नाही. मूळ टेक्स्टचा कॉलमही ठेवून द्या, जागा किती लागणार आहे.

गट नंबर, एसटीडी कोड, फोन, खाते क्रमांक, पिनकोड हे टेक्स्टच राहू द्या. ज्याची बेरीज करून काही अर्थ निघत नाही ते आकड्यांनी लिहिलेलं असलं तरी टेक्स्ट, एवढा नियम पुरतो.

हे सगळं एकाच फंक्शनमध्ये लिहा, नोंदी_लोड असं काही नाव द्या, आणि प्रोजेक्टमध्ये जिथे जिथे फाइल लागेल तिथे हेच फंक्शन बोलवा.

सेव्ह कशात करायचं

तुमच्या स्वतःच्या पुढच्या कामासाठी पार्के वापरा, माझं ठाम मत आहे. ट्विटर आणि क्लाउडेरा यांनी मिळून २०१३ मध्ये आणलेला हा फॉरमॅट, आता अपाचेचा प्रकल्प आहे. त्यात प्रत्येक कॉलमचा प्रकार फाइलमध्येच लिहिलेला असतो, तारीख तारीख म्हणूनच परत येते, ०२० टेक्स्ट म्हणूनच परत येतं, मराठी कॉलमनावं चालतात, आणि डेटा कॉलमनुसार साठवलेला असल्यामुळे दाबून लहान होतो. टू_पार्के ने लिहा, रीड_पार्के ने वाचा, दोनच कॉलम हवे असतील तर कॉलम्स मध्ये त्यांची यादी द्या, बाकीचे वाचलेही जात नाहीत. एका कॉलममध्ये काही आकडे आणि काही टेक्स्ट असं मिश्रण असेल तर लिहितानाच एरर येते, लोकांना याचा वैताग येतो, पण मला हे त्याचं सगळ्यात चांगलं वैशिष्ट्य वाटतं, कारण सीएसव्हीने ते मुकाट्याने घेतलं असतं. उणं एकच, डबलक्लिक करून बघता येत नाही.

सीएसव्ही दुसऱ्याला द्यायला. टू_सीएसव्ही मध्ये इंडेक्स = फॉल्स द्या, नाहीतर ओळींचे क्रमांक एक बिननावाचा कॉलम बनून जातात आणि पुढच्या वेळी लोड केल्यावर अननेम्ड शून्य म्हणून दिसतात, प्रत्येक फेरीत एक वाढतो. समोरचा एक्सेलमध्ये उघडणार असेल तर एनकोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या, फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण लागते आणि एक्सेलला कळतं की हे यूटीएफ-८ आहे, मग मराठी नीट दिसतं. अशी फाइल पांडाजऐवजी पायथॉनच्या साध्या सीएसव्ही मॉड्यूलने वाचणार असाल तर वाचतानाही सिगवालंच एनकोडिंग द्या, नाहीतर ती खूण पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटते आणि 'गाव' नावाचा कॉलम समोर दिसत असून कीएरर येते. त्याच मॉड्यूलने लिहिताना ओपन मध्ये न्यूलाइन = रिकामी स्ट्रिंग द्यायची, नाहीतर विंडोजवर एकाआड एक रिकाम्या ओळी येतात. तारखा वर्ष-महिना-दिवस अशाच लिहा.

जेसॉन तेव्हा, जेव्हा डेटा चौकोनी तक्त्यात बसत नाही, एका गटाचे चार मालक, प्रत्येक मालकाचा हिस्सा वेगळा, असं एकात एक असेल तेव्हा. जेसॉन.डंप मध्ये एन्शुअर_एएससीआयआय = फॉल्स नक्की द्या. नाहीतर प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी बॅकस्लॅश-यू आणि चार अंक असे ६ बाइट लिहिले जातात, कऱ्हाडचे १८ बाइटचे ३६ होतात आणि फाइल डोळ्यांनी वाचता येत नाही. पांडाजच्या टू_जेसॉन मध्ये याच पर्यायाचं नाव फोर्स_एएससीआयआय आहे, आणि तिथे डेट_फॉरमॅट = आयएसओ पण द्या. परत वाचताना रीड_जेसॉन ला डीटाइप = फॉल्स द्या, नाहीतर ते टेक्स्टमधल्या ०२० चे परत २० करतं, म्हणजे फाइलमध्ये बरोबर आणि लोड केल्यावर चूक. अजून दोन गोष्टी: डिक्शनरीच्या की आकडे असतील तर परत येताना टेक्स्ट होऊन येतात, आणि टपलच्या लिस्ट होतात. खूप ओळी असतील तर एका ओळीत एक नोंद अशी जेसॉन लाइन्स पद्धत घ्या, मध्येच फाइल तुटली तरी आधीच्या ओळी वाचता येतात.

पिकल, म्हणजे पायथॉनचा स्वतःचा सेव्ह करायचा फॉरमॅट, त्याबद्दल थोडक्यात: पिकल फाइल लोड करणं म्हणजे त्या फाइलमधला कोड चालवणं. ती उघडताना काहीही चालू शकतं, फाइली पुसणारं सुद्धा. बाहेरून आलेली पिकल फाइल उघडू नका, पूर्णविराम. स्वतःचीही दीर्घकाळ ठेवायला वापरू नका, लायब्ररीची आवृत्ती बदलली की उघडेलच असं नाही.

एक्सेलची एक्सएलएसएक्स फाइल मी शेवटचा पर्याय म्हणून ठेवते. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी बसतात, जुन्या एक्सएलएस मध्ये फक्त ६५,५३६. ही मर्यादा विसरल्याने काय होतं ते इंग्लंडमध्ये २०२० मध्ये दिसलं, कोरोनाच्या चाचण्यांचे निकाल जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये घेतले जात होते, ओळी संपल्या आणि १५,८४१ रुग्ण आकडेवारीतून गळले, त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायचं कामही लांबलं. शिवाय एक्सेल संख्येचे १५ च अंक धरतं, सोळा अंकी खाते क्रमांक टाइप केला की शेवटचा अंक शून्य होतो.

रोज नोंदी वाढत असतील, बदलत असतील तर फाइल पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा एसक्यूलाइट घ्या, पायथॉनसोबतच येतं, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये. टू_एसक्यूएल ने तक्ता टाका, इफ_एक्झिस्ट्स = अपेंड आणि इंडेक्स = फॉल्स. टेबल स्वतः बनवत असाल तर एसटीडी कोडला टेक्स्ट प्रकार द्या, इंटिजर दिला तर तिथेही शून्य जातं. तारखेचा वेगळा प्रकार त्यात नाही, वर्ष-महिना-दिवस असं टेक्स्ट ठेवा, क्रमही बरोबर लागतो. आणि विथ कनेक्शन असं लिहिलं की आतलं सगळं एकतर पूर्ण होतं किंवा काहीच होत नाही, पण कनेक्शन त्याने बंद होत नाही, क्लोज वेगळं लिहायला लागतं.

लिहिताना वीज गेली तर

साध्या पद्धतीने जुन्या फाइलवर लिहायला सुरुवात केली की जुनी फाइल त्याच क्षणी रिकामी होते, मग नवी भरत जाते. मध्येच लाइट गेली किंवा प्रोग्राम बंद पडला तर जुनीही नाही आणि नवीही अर्धीच. उपाय दोन ओळींचा आहे: त्याच फोल्डरमध्ये टेम्प नावाने फाइल पूर्ण लिहा, आणि मग ओएस.रिप्लेस ने तिला खरं नाव द्या. फोल्डर तोच हवा, दुसऱ्या ड्राइव्हवरून रिप्लेस चालत नाही. विंडोजवर इथे परमिशनएरर आली तर बहुतेक वेळा कोणीतरी ती फाइल एक्सेलमध्ये उघडी ठेवलेली असते, बंद करा आणि परत चालवा.

सेव्ह केल्या केल्या परत लोड करून ताडा

सेव्ह करणाऱ्या फंक्शनच्या शेवटीच हे लिहून टाका, म्हणजे विसरायचा प्रश्न नाही. टेम्प फाइल लिहिली की रिप्लेस करायच्या आधी ती परत लोड करा आणि पीडी.टेस्टिंग.असर्ट_फ्रेम_इक्वल ला मूळ तक्ता आणि लोड झालेला तक्ता द्या. फरक असेल तर ते थांबतं आणि कुठल्या कॉलममध्ये आहे ते सांगतं. जुळलं तरच रिप्लेस. मोठ्या फाइलला थोडा वेळ लागतो, लागू द्या.

सीएसव्ही असेल तर ताडताना तुमचंच नोंदी_लोड वापरा, साधं रीड_सीएसव्ही नको. फक्त एक, कच्च्या फाइलमध्ये तारीख दिवस आधी अशी होती आणि तुम्ही लिहिताय वर्ष आधी, तेव्हा फंक्शनला तारखेचा फॉरमॅट बाहेरून देता येईल असं ठेवा. क्षेत्राचंही तसंच, मूळ टेक्स्टच्या कॉलमवरूनच चौरस मीटर परत काढले की दोन्ही तक्ते जुळतात.

एक्सेलमध्ये जाऊन परत आलेली फाइल

तुम्ही सीएसव्ही पाठवता, ऑफिसमधलं कोणीतरी दोन नोंदी दुरुस्त करून परत पाठवतं. पाठवतानाच सांगा की डबलक्लिक करून उघडू नका, कोरं एक्सेल उघडून डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही ने आणा आणि ट्रान्सफॉर्म डेटा मध्ये गट नंबर, एसटीडी कोड आणि फोन यांना टेक्स्ट करा. सगळे करतील असं नाही, म्हणून परत आलेली फाइल तयार फोल्डरमध्ये टाकू नका, नवीन कच्ची फाइल म्हणून तारखेच्या नावाने ठेवा, नोंदी_लोड मधून न्या आणि गाव अधिक गट नंबर या जोडीवर तुमच्या पार्के फाइलशी मर्ज करा. गट नंबरच्या तारखा झाल्या असतील तर त्या ओळी एकीकडेच सापडलेल्या म्हणून लगेच वर येतात. बाकीच्यांत कॉलमनिहाय फरक काढा, जे दोनचार सेल खरंच बदललेत तेवढेच तुमच्या तक्त्यात घ्या आणि पार्के परत लिहा.